गुरुजींच्या पुड्या

इंदिरानगर, नाशिक
१७ नोव्हेंबर १९८५

ती. दादास,
विमलचा जयभीम.

तू गेल्याला नऊ दिवस झाले, पोचल्याचं कार्डसुद्धा नाही. आमच्याकडे तू दोनदा भरल्या ताटावरून उठलास आणि छाती चोळत खिडकीपाशी जाऊन उभा राहिलास, तेव्हाच मी ओळखलं की हे नुसतं ठेच्याचं दुखणं नाही. म्हणून तुला ओढत आमच्या दवाखान्यात नेलं. पांढरं पाणी पाजून काढलेला पोटाचा एक्स-रे फोटो तूही पाहिलास. डॉक्टरांनी पेन्सिलीने दाखवला तो खळगा म्हणजे जखम. अल्सर म्हणतात तो हाच.

गोळ्या नव्या निघाल्या आहेत. आधीची औषधं पोटात झालेलं आम्ल मारायची, या गोळ्या ते फारसं होऊच देत नाहीत. सकाळी एक, रात्री एक, आठ आठवडे. मधे सोडायच्या नाहीत. थंड दूध पी, लाह्या खा, वेळेवर जेव, मिश्री-तंबाखू बंद कर, त्याला माझी ना नाही. पण ते सगळं गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. सोडा खाणं तर एकदम बंद.

आणि एक. शौचाला काळं, डांबरासारखं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर घरी बसून राहू नकोस. मिळेल त्या गाडीने इकडे ये.

चांगुणावहिनींना हे पत्र वाचायला दे. त्यांनी गोळ्यांकडे लक्ष ठेवावं.

तुझी
विमल


बोरवाडी, ता. निफाड
२९ नोव्हेंबर १९८५

चि. विमल हिस आशीर्वाद व जयभीम.

पत्र मिळालं. तू नर्स आहेस हे मला मान्य आहे. पण पोट माझं आहे आणि एकोणसाठ वर्षं मीच ते वागवतोय.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. त्या गोळ्यांतली एकही मी घेतलेली नाही. घरी आल्याबरोबर पाकीट चांगुणाच्या हातात दिलं आणि उकिरड्यावर टाकून ये म्हणून सांगितलं. ती टाकून आली.

कारण तुला ठाऊक आहे. शकू आपल्या पायांनी चालत दवाखान्यात गेली होती. गोळ्या दिल्या, सुई टोचली, आणि संध्याकाळी तिला चौघांनी उचलून आणावं लागलं. सात वर्षं झाली. तो दवाखाना तू सुचवला होतास हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलोही नाही. त्या दिवशी ठरवलं, या घरात पुन्हा दवाखान्याची गोळी येणार नाही. चांगुणाशी दुसरं लग्न केलं तेव्हा तिलाही हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

माझे उपाय चालू आहेत. रात्री भिजत घातलेल्या धन्याचं पाणी सकाळी गाळून घेतो. दुपारी साळीच्या लाह्या, जेवणावर मोरावळ्याचा एक आवळा, फारच जळजळलं तर थंड दूध घोट घोट. लाल मिरचीचा ठेचा बंद केला, ही खरी शिक्षा. अजून उतार म्हणावा तसा नाही. शर्ट जरा सैल झालेत. पण निसर्गाला वेळ द्यावा लागतो.

तुझा
दादा


इंदिरानगर, नाशिक
८ डिसेंबर १९८५

चांगुणावहिनी,
सप्रेम जयभीम.

हे पत्र टपालात टाकत नाही. भाजीचा टेम्पो घेऊन बहिरू नाशकात आला आहे, त्याच्या हाती गोळ्यांच्या नव्या पाकिटाबरोबर देते आहे. एकट्या असताना वाचा.

दादाने गोळ्या फेकायला लावल्या असं तो लिहितो. वहिनी, पहिलं पाकीट खरंच उकिरड्यावर गेलं का? रागावू नका, विचारणं भाग आहे. दादाचं वजन उतरतंय आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. गावातले देवऋषी आणि अंगारे त्यानेच बंद पाडले, आणि आता हा स्वतःच धन्याच्या पाण्यावर बसला आहे. तुमचं तो ऐकत असेल तर ऐकवा. कसंही करून गोळी त्याच्या पोटात गेली पाहिजे. लगेच कळवा.

विमल


बोरवाडी
१२ डिसेंबर

विमलताईला चांगुणाचा जयभीम.

गोळ्या मिळाल्या. पहिल्या पाकिटाचं इचारू नका. हे कागद आलेले गुरुजींला कळवू नका. म्हयन्यानी आनखी पाठवा. कार्डावर कायबी लिहीत जाऊ नका, कार्ड ते आधी वाचतात. बहिरूलाबी सांगा, माझ्याच हातात देत जा.

अक्षर वाईट हाय.

चांगुणा


बोरवाडी, ता. निफाड
२० जानेवारी १९८६

चि. विमल हिस आशीर्वाद.

आनंदाची बातमी. जळजळ गेली. गेली म्हणजे पार गेली. बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन मी परवा समाजमंदिरापर्यंत दोन चकरा मारल्या.

श्रेय चांगुणाला. धन्याच्या पाण्याने भागेना तेव्हा तिने चूर्ण करायला घेतलं. वाळवलेला आवळा, ज्येष्ठमध, बडीशेप आणि खडीसाखर. सकाळी एक पुडी, रात्री एक पुडी, वर पाणी. आठ-दहा दिवसांत फरक पडला. तुझ्या पेन्सिलवाल्या डॉक्टरांना सांग.

एका डब्यात चूर्ण असतं, ते लोकांसाठी. माझ्या पुड्या ती वेगळ्या बांधते आणि वेगळ्या ठेवते. कुटताना मला जवळ येऊ देत नाही. बायकांचं असतं एकेक. लोकांना देऊ नका असं मात्र सारखं म्हणते. हा कंजूषपणा मला तिच्यात आधी दिसला नव्हता. मी तिला सांगितलं, चार माणसांना गुण येत असेल तर विद्या दडवून ठेवायची नसते. आता रोज कोणी ना कोणी येतं. भागीबाई येते, शेजारच्या वाडीतून चिमणाबाई येते. सहादू तर कायमचाच झाला. आपला द्राक्षबागेत छाटणीला जाणारा सहादू, कुसाबाईचा नवरा. त्याचं पोट माझ्याहून जुनं. निफाडच्या डॉक्टराने त्याला नाशिकला जाऊन फोटो काढायची चिठ्ठी दिली होती. मी त्याला म्हटलं, फोटो काढून जखम भरते का? माझ्याकडे बघ.

चांगुणाचा भाऊ भिकन निफाडला एका औषधाच्या दुकानात कामाला लागला. चांगला मुलगा आहे. मधून मधून येऊन जातो.

तुझा
दादा


इंदिरानगर, नाशिक
२ फेब्रुवारी १९८६

ती. दादास,
जयभीम.

तू बरा आहेस हे वाचून आनंद व्हायला हवा होता. पण पत्र तीनदा वाचलं आणि दर वेळी मन जास्तच खट्टू झालं.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती आज सांगते. तू पहिलं पाकीट टाकलंस त्यानंतर डिसेंबरात एक आणि जानेवारीत एक, अशी दोन पाकिटं मी बहिरूच्या हाती वहिनींना पाठवली. त्यांनी उलट लिहिलं, मिळाल्या, आणखी पाठवा, आणि गुरुजींना कळवू नका. बहिरूही म्हणाला, वहिनी पाकीट पदराखाली घेऊन घरात जातात. तू लिहितोस, घरात गोळी येत नाही. मग या गोळ्या जातात कुठे? मी कुणाचं नाव घेत नाही. पण वहिनींचा भाऊ औषधाच्या दुकानात बसतो, तो घरी येतो-जातो, हे तूच लिहिलं आहेस. या गोळ्या सहजी मिळत नाहीत.

दुसरी शंका याहून वाईट आहे. आठ दिवसांत पार गेली, याचंच मला भय वाटतं. लोक बाजारच्या पुड्या खाऊन येतात ते मी वॉर्डात रोज बघते, त्यात चोरून स्टिरॉइड मिसळलेलं असतं. आधी दुखणं एकदम थांबतं, मग तोंड सुजतं, पाय सुजतात, आणि तरी म्हणतात, बाई, झाडपाल्याचंच होतं. तुझ्या पुड्या वेगळ्या का? कुटताना तुला जवळ का येऊ देत नाहीत? मी शकुवहिनींच्या जागी कुणाला बघू शकत नाही म्हणून हे लिहिते, असं तुला वाटेल. वाटू दे. एक पुडी मला पाठव.

विमल


बोरवाडी, ता. निफाड
२६ फेब्रुवारी १९८६

चि. विमल,

तुझं पत्र आल्यापासून मला घरातलं अन्न गोड लागेना. तू लिहिलंस ते आधी मला पटलं नाही. मग एकेक दिसायला लागलं. चांगुणा चूर्ण कुटायला बसते ती मी समाजमंदिराकडे गेलो की मगच. उंबऱ्यात सावली दिसली की हात थांबतो. एक दिवस ती पाण्याला गेली तेव्हा मी फळीवरचा डबा काढला. त्यात चौदा पुड्या. एक उघडून जिभेवर ठेवली. आजवर मी डोळे मिटून पाण्याबरोबर गिळत होतो, चव कधी घेतलीच नव्हती. कडू! आवळा तुरट, ज्येष्ठमध गोड, मग हा कडूपणा कुठला?

ती आल्यावर विचारलं, "यात काय आहे?"

म्हणाली, "तुमचंच हाय."

"माझं म्हणजे काय?"

ती हंडा उतरवून चुलीकडे वळली. मग मी विचारलं, "विमलने पाठवलेल्या गोळ्या कुठे गेल्या? भिकनला देतेस?" तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला ते आवडलं नाही. अपराधी माणूस असं बघतो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी निफाडला गेलो. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर भिकनला विचारलं, "बहिणीकडून आणलेल्या गोळ्या किती विकल्यास?"  मालकाने त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. बातमी आमच्या घरी माझ्याआधी पोचली. मी परतलो तर चांगुणा पिशवी भरत होती. चूल पेटवून, भाकरी करून, झाकून ठेवून ती विंचूरला भावाकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "पुड्या फळीवर हायेत. चुकवू नका." एवढं झाल्यावर तिला पुड्यांचीच काळजी!

मी मुद्दाम दोन दिवस पुडी घेतली नाही. लोकांसाठीच्या डब्यातलं चूर्ण घेतलं. तिसऱ्या दिवशी छातीत निखारा. पुडी घेतली, दुपारपर्यंत शांत. विमल, ही अफू तर नसेल? माणसाला सवय लावून हाताखाली ठेवायची? बहिरूबरोबर एक पुडी पाठवतोय. काय असेल ते स्पष्ट कळव.

सहादूलाही फरक नाही. त्याला चूर्ण दुप्पट घ्यायला सांगितलं.

दादा


इंदिरानगर, नाशिक
४ मार्च १९८६

चांगुणावहिनी,

हे पत्र विंचूरच्या पत्त्यावर पाठवते आहे. भिकनने वाचून दाखवलं तरी चालेल. त्यानेही हे ऐकावं.

दादाने पाठवलेली पुडी मी पांढऱ्या कागदावर पसरली. आवळा, ज्येष्ठमध, बडीशेप आणि त्यात बारीक पांढरा चुरा. चुऱ्यात गोळीच्या वरच्या पापुद्र्याचे दोन तुकडे होते. मी रोज या गोळ्या हाताळते, मला डॉक्टरला विचारायची गरज पडली नाही. मी पाठवलेली एकही गोळी बाहेर गेली नाही. तुम्ही त्या कुटून दादाच्या पोटात घातल्या.

मी तुमच्यावर चोरीचा आळ घेतला. माझ्या एका पत्राने तुमच्या भावाची नोकरी गेली. माफी कुठल्या शब्दांत मागायची ते कळत नाही. तुम्ही माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण आज तुमच्यापुढे मान वर होत नाही.

दादाला मी एवढंच कळवलं की पुडीत अपायाचं काही नाही, घेत राहा. खरं काय ते त्याला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मला धीर नाही. आणि लोकांना चूर्ण देणं बंद कर असंही लिहिलं, पण कारण न सांगता लिहिलेलं तो ऐकणार नाही. हा सहादू कसा आहे? दादाने त्याला नाशिकला येऊ दिलं नाही, ते वाचल्यापासून मला चैन नाही.

विमल


विंचूर
९ मार्च

विमलताईला चांगुणाचा जयभीम.

तुमचं पत्र मीच वाचलं. भिकनला वाचायला नाय दिलं, सांगितलं. तो म्हनला ताईंनी माफी कशाला मागायची, तोंडावर बोलणारे येगळे होते.

पहिलं पाकीट मी उकिरड्यावर टाकलंच नव्हतं. उकिरड्यापर्यंत गेले नि परत फिरले. बाजरीच्या कणगीत घातलं. तुमचं पहिलं पत्र गुरुजींनी मला वाचायला दिलं होतं, ते मी चारदा वाचलं. जखम हाय म्हनून लिहिलं होतं. जखमेला धन्याचं पानी काय करंल? तरी घालायचा धीर होत नव्हता. नवऱ्याला फसवून खाऊ घालायचं म्हंजी काय ते माझं मला ठाऊक. मग तुम्ही लिहिलं, कसंबी करून पोटात गेली पाहिजे. त्या दिवशी पाट्यावर पहिली गोळी वाटली. एका पुडीत एक, जास्त नाय कमी नाय. बाकीचं चूर्ण कडूपना झाकाया.

ताई, मी दुसरेपणाची. पहिली गोळीनं गेली म्हनून गुरुजी सांगतात. दुसरीनं गोळी न देता मारला असं लोकांनी म्हनावं का? आन लोकांचंबी जाऊ द्या. माझा पहिला नवरा गेला तवा मला अंगठा उठवायला लावला होता. या मानसानं मला रात्रीच्या वर्गात नाव लिहायला शिकवलं. तो माझ्या डोळ्यापुढं वाळत चालला होता.

पर मला हे नव्हतं ठाऊक की ते बरे झाले तर गावाला चूर्ण वाटतील. मी म्हनायची, देऊ नका. खरं कारन सांगता येईना. डब्यात गोळी नाय. डब्यातल्यानं कुनाला गुन येनार?

निघायच्या आदल्या दिवशी कुसाबाई नळावर भेटली. म्हनली, ह्यांला चक्कर येती, चार पावलं चालवत नाय. काल तिचा निरोप आला, सहादूभाऊला काळं होतंय. डांबरासारखं. तुम्ही तेच लिहिलं होतं. गुरुजी म्हनले, चूर्णानं पोट साफ होतंय.

मी हे पत्र लिहाया बसले तवा तुम्हाला इचारनार होते, सांगू का नको सांगू. सांगितलं तर माझं घर मोडतंय. लिहिता लिहिता समजलं, इचारायचं काय त्यात. तुमच्या उत्तराची वाट बघत नाय. उद्याच्या पहिल्या गाडीनं बोरवाडीला जाते. हे पत्र भिकन घेऊन येतोय तुमच्याकडं. तुम्ही खाट बघून ठेवा.

चांगुणा


इंदिरानगर, नाशिक
३० मार्च १९८६

दादा,

सहादू परवा घरी पोचला असेल. एकोणीस दिवस तो माझ्या वॉर्डात होता आणि तू एकदाही आला नाहीस. म्हणून तुला लिहून कळवते.

१० तारखेला दुपारी बहिरूच्या टेम्पोतून त्याला आणलं. कोबीच्या पोत्यांवर आडवा होता. तळहात पांढरेफटक, नाडी बोटाला लागेना. पायथ्याशी कुसाबाई आणि डोकं मांडीवर घेऊन चांगुणावहिनी. आदल्या संध्याकाळी भिकन पत्र घेऊन माझ्या दारात येऊन उभा राहिला होता, म्हणून खाट तयार होती. भिकननेच रक्त दिलं. त्याचं जुळलं. एकूण चार बाटल्या लागल्या, आणि रात्रीतून ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर आणायची गरज नव्हती.

वहिनी चार दिवस बाकावर बसून होत्या. मी घरी चला म्हटलं, आल्या नाहीत. सहादूने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा उठल्या आणि विंचूरला गेल्या. बोरवाडीला का नाही, असं मी विचारलं नाही.

गावात काय झालं ते कुसाबाईने सांगितलं, पण मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. तुझ्या पुड्यांत काय होतं ते आता तुला कळलं आहे. संशयाची ठिणगी माझी. ती घेऊन दुकानात गेलास तू. मी भिकनच्या पाया पडले. तू काय करणार आहेस?

विमल


बोरवाडी, ता. निफाड
२२ एप्रिल १९८६

चि. विमल,

पत्राला उशीर झाला. चारदा लिहून फाडलं.

त्या दिवशी मी समाजमंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. भागीबाईच्या हातात चूर्ण घालत होतो. चांगुणा गाडीतून उतरली ती पिशवीसकट तशीच ओट्यासमोर आली. आठ-दहा माणसं होती. सहादूला आधार देऊन कुसाबाईने आणलं होतं, मला दाखवायला. चांगुणा म्हणाली, "कुसाबाई, सहादूभाऊला इथनं उचला. गुरुजींचं पित्त चूर्णानं गेलेलं नाय. दवाखान्याच्या गोळीनं गेलंय. मी वाटून घालत होते."

मी म्हणालो, "खोटं बोलतेस."

ती म्हणाली, "खोटं तीन म्हयने बोलले. आज खरं बोलते."

मी पुन्हा म्हणालो, "खोटं आहे." विमल, तोवर मला समजलं होतं. कडू चव माझ्या जिभेवर होती. तरी म्हणालो. आणि सहादू माझ्याकडे बघत होता. बायकोकडे नाही, चांगुणाकडे नाही. माझ्याकडे. गुरुजी जा म्हणाले तर जायचं, अशा नजरेने. मी जा म्हणालो नाही. कुसाबाईने माझी वाट पाहिली नाही म्हणून तो आज आहे.

दवाखान्यात आलो नाही, कारण त्या नजरेसमोर पुन्हा उभं राहण्याची हिंमत नव्हती. दुसरं कारण याहून जुनं आहे. शकू चालत दवाखान्यात गेली असं मी तुला लिहिलं. सगळ्यांना तसंच सांगत आलो. ती चालत गेली नव्हती. तापात अकरा दिवस मी तिला घरी ठेवलं होतं. गुळवेलीचा काढा देत होतो. तू दोन पत्रं पाठवली होतीस, तिला घेऊन ये म्हणून. बाराव्या दिवशी तिला बैलगाडीत घातलं तेव्हा ती मला ओळखत नव्हती. गोळी मिळाली ती मेल्यागत झालेल्या बाईला. मी दोष गोळीला दिला, दवाखान्याला दिला, मनातल्या मनात तुला दिला. तुला सगळं माहीत होतं आणि सात वर्षं तू बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी तुझ्याशी नातं तोडलं असतं, हेही तुला माहीत असणार.

दरवर्षी जयंतीला समाजमंदिरात माझं भाषण असतं. यंदा कोणी बोलावलं नाही, पण उठून उभा राहिलो तेव्हा कोणी बसाही म्हणालं नाही. सहादूच्या पोटाचं सांगितलं, शकूचं सांगितलं. अंगारा देणारा आणि मी यांच्यात फरक एवढाच की माझ्या अंगावर मास्तरचा कोट होता, असं म्हणालो. कोणी टाळी वाजवली नाही, ते बरं झालं. चिमणाबाई मागून ओरडली, "मग आता आमच्या पोटाचं काय?" 

दुसऱ्या दिवशी निफाडला जाऊन त्या दुकानदाराला भेटलो. गिऱ्हाइकं होती तेव्हाच बोललो. त्याने भिकनला परत घ्यायचं कबूल केलं. तिथून विंचूर. भिकनने पाणी दिलं, बसा म्हणाला नाही. त्याचा हक्कच होता. मी उभ्यानेच त्याची माफी मागितली.

चांगुणा अंगणात गहू पाखडत होती. मी म्हणालो, "घरी चल."

"कशाला?"

 मी म्हणालो, "पुड्या संपल्या. जळजळतंय."

ती पहिल्यांदा हसली, मग रडली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "पुडी बांधनार नाय. पुन्यांदा न्हाई. गोळी तुमच्या हातानं पाकिटातनं काढायची, माझ्यासमोर तोंडात टाकायची. तुम्हाला भ्या वाटंल तर मी शेजारी बसंन. पर लपवून काय घालनार नाय, आन लपवून काय ऐकनारबी नाय. कबूल असंल तर पिशवी भरते."

कबूल केलं. भिकनने दुकानातून पाकीट आणून दिलं. पहिली गोळी हातात घेतली, पुन्हा पाकिटात ठेवली, मग पुन्हा काढली. खोटं लिहीत नाही, मला खरंच भीती वाटली. ती शेजारी बसली होती.

डॉक्टरांना सांग, येत्या शुक्रवारी सकाळच्या एसटीने आम्ही येतो. मी, चांगुणा, भागीबाई, चिमणाबाई आणि आणखी तिघे, ज्यांच्या हातात मी चूर्ण घातलं ते. साऱ्यांची पोटं नीट तपासून घे. ज्याला नुसतं दूध-लाह्यांनी भागेल त्याला तसं सांगा, ज्याला गोळी लागेल त्याला गोळी. ते ठरवणं माझं काम नाही.

सहादूकडे रोज संध्याकाळी जातो. तो भिंतीकडे तोंड करून पडतो. कुसाबाई पोतं अंथरते, मी अर्धा तास बसतो आणि उठतो. काल उठलो तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, उद्या जरा लवकर या. ह्यांची जखम दाखवायला निफाडला न्यायचंय, एकटीला जमत नाय."

दादा